दहा गिगाबिट लावूनही बिल्ड हळूच का? तुम्ही विचारलंत म्हणून

नागपुरात परसोडीचा आयटी पार्क असो की मिहान, प्रश्न ठरलेला: "सोर्स कोड एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या सर्व्हरच्या फोल्डरवर) आहे, केबल-स्विच सगळं दहा गिगाबिटचं केलं, तरी बिल्ड रांगतंयच. का?"

कारण वेळ डेटा वाहण्यात जातच नाही, विचारपुशीत जातो. प्रत्येक हेडर (सोर्समध्ये ओढून घेतलेली सामायिक फाइल) उघडताना क्लायंट, म्हणजे तुमचं मशीन, सर्व्हरला विचारतो, 'ही बदलली का?' एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची धरा. एका सोर्स फाइलमागे ४०० हेडर, अशा १००० फाइली: २०० सेकंद नुसत्या विचारण्यात. मेकचे (बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे) समांतर जॉब कोअरपेक्षा थोडे जास्त ठेवले तर ही वाट पाहणं काहीसं झाकलं जातं, संपत नाही.

म्हणून बिल्ड फोल्डर लोकल एसएसडीवर न्या, सीकॅशचंही (आधी कंपाइल केलेलं जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं) तिथेच. सोर्स तेवढा एनएफएसवर. सर्वांत मोठा फरक इथे पडतो. मात्र आता ऑब्जेक्टवर (कंपाइल होऊन बनलेल्या फाइलींवर) तुमच्या मशीनची वेळ आणि सोर्सवर सर्व्हरची, म्हणून दोन्हीकडे घड्याळं जुळवणारं क्रोनी हवंच.

यावर लगेच येतं: "त्यापेक्षा सर्व्हरवर एसिंक केलं तर?" वेग वाढेल, नाकारत नाही. पूर्वी मीही सुचवत असे. पण मे महिन्यात भर दुपारी लाइट जाते आणि यूपीएस दगा देतो तेव्हा काय होतं ते बघा. एसिंकमध्ये सर्व्हर डिस्कवर लिहिण्याआधीच 'लिहिलं' म्हणून मोकळा झालेला असतो. लाइट येते तेव्हा ऑब्जेक्ट फाइल जागेवर असते, पण अर्धी किंवा शून्य बाइटची. तिची वेळ सोर्सच्या नंतरची, म्हणून मेक तिला हात लावत नाही. लिंकर (ऑब्जेक्ट जोडून प्रोग्रॅम बनवणारा) अडला तर नशीब. जनरेट केलेली डेटा फाइल अर्धवट राहिली तर कुणीच अडत नाही, ती तशीच पुढे जाते. 'ऑब्जेक्ट काय, पुन्हा बनवता येतात,' असा माझा तेव्हाचा युक्तिवाद. येतात हो, पण पुन्हा बनवायच्या आहेत हे मेकला कोण सांगणार? आणि सर्व्हरने वाटलेल्या त्याच फोल्डरवर (एक्सपोर्टवर) सोर्स असेल तर एडिटरने नीट सेव्ह केलेलं कामही जातं.

कंपायलर आणि लायब्ररींचं माउंट (तुमच्या मशीनला जोडलेला सर्व्हरचा फोल्डर) मात्र रीड-ओन्ली करून बिनधास्त 'नोसीटीओ' (फाइल उघडताना सर्व्हरला विचारू नको) लावा, 'अ‍ॅक्टिमिओ' (एकदा विचारलेलं किती सेकंद खरं धरायचं) ६०० ठेवा. तिथली विचारपूस जवळजवळ थांबते.

सोर्सच्या माउंटवरही 'नोसीटीओ' लावावं का? एकटाच माणूस एकाच मशीनवरून लिहीत असेल तर मी हो म्हणतो. एरवी नाही: दुसऱ्याने हेडर बदललं, तर तुमच्या मशीनला ते कळायला ६० सेकंदांपर्यंत लागू शकतात, आणि तेवढ्यात अर्धं बिल्ड जुन्या हेडरवर झालेलं असतं.