सोंगटी उचलली की नुसती दिसेनाशी झाली? : ध्वनिटेबलाची पुढची नोंद

मी एक ध्वनिटेबल बनवतो आहे: तळाला मार्कर (ओळखचिन्ह) असलेल्या सोंगट्या त्यावर ठेवल्या, सरकवल्या किंवा फिरवल्या की आवाज निघतो, आणि टेबलाखालचा कॅमेरा त्या सोंगट्या पाहत असतो. मागच्या नोंदीत ज्या प्रश्नापाशी काम अडले होते, तो अखेर सुटला आहे. टेबलावर स्थिर असलेल्या सोंगटीचा आवाज मधूनच तुटत असे आणि तीच सोंगटी झपकन सरकवली तर तिची धून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. आता हे दोन्ही थांबले आहे, आणि ज्या वाटेने थांबले तिच्यामुळे पुढचा आराखडाही बदलण्याच्या मार्गावर आहे.

रचना पूर्वीचीच आहे: वर दुधी ॲक्रिलिक, खाली ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी, सेकंदाला ६० फ्रेम घेणारा कॅमेरा, मार्कर ओळखण्यासाठी रिॲक्टिव्हिजन हा प्रोग्राम आणि तिथून टीयूआयओ या संदेश-पद्धतीने ध्वनिप्रोग्रामकडे जाणारी माहिती.

या प्रश्नाचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. माउसवरचा हात काढून घेतला तरी पडद्यावरचा बाण जागच्या जागी राहतो; संगणकाच्या लेखी माउस कधीच नाहीसा होत नाही. कॅमेऱ्याने पाहिलेली वस्तू मात्र कोणत्याही फ्रेममध्ये हरवू शकते. त्यातच टीयूआयओमध्ये ‘वस्तू काढली’ असा स्वतंत्र संदेश नाही. यूडीपी या पाठवणी-पद्धतीत माहितीची पाकिटे वाटेत गहाळ होऊ शकतात, म्हणून दर वेळी हजर वस्तूंची यादी पाठवली जाते आणि जी वस्तू यादीत नाही ती गेली, असे घेणाऱ्या प्रोग्रामने ताडायचे असते. नेटवर्कचा विचार करता हा निर्णय अतिशय शहाणपणाचा आहे. परंतु ती वस्तू माणसाने उचलली की कॅमेऱ्याची नजर चुकली, हे त्या यादीतून कळत नाही. हरवलेली सोंगटी परत दिसली की तिला नवा सत्र-क्रमांक मिळतो, म्हणजे ती नवीच सोंगटी समजली जाते, आणि म्हणूनच धून पहिल्यापासून सुरू होत होती.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे थोडा वेळ वाट पाहणे. १०० मिलिसेकंदांची सवलत दिली तर बहुतेक तुटी झाकल्या जातात, पण सोंगटी उचलल्यावरही आवाज तेवढाच वेळ रेंगाळतो. लांब सुरात ते खपून जाते. तालाच्या ठोक्यात मात्र हात आणि ध्वनी यांचे नाते तिथेच सुटते, आणि त्या नात्यासाठीच तर हे टेबल आहे. त्यामुळे सगळ्या तुटींना एकच सवलत देणे मला मान्य नव्हते.

आधी वेगात सरकणाऱ्या सोंगटीच्या प्रतिमेतील धूसरपणाकडे वळलो. रिॲक्टिव्हिजनचे अमीबासारखे मार्कर एकात एक बसलेल्या काळ्या-पांढऱ्या भागांच्या झाडावरून ओळखले जातात, त्यामुळे दोन शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळले तरी झाड बदलते आणि ओळख तुटते. सोंगटी सेकंदाला एक मीटर वेगाने सरकत असेल, तर १० मिलिसेकंदांच्या एक्सपोजरमध्ये (एका फ्रेमसाठी कॅमेरा प्रकाश घेतो त्या वेळात) ती १० मिलिमीटर पुढे जाते. २ मिलिसेकंदांत फक्त २ मिलिमीटर. उपाय उघड आहे, पण एक्सपोजर पाचपटीने घटवले की प्रकाशही जवळजवळ तितकाच वाढवावा लागतो. येथे दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. ज्या कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्सपोजर बंद करता येत नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी या कामासाठी घेऊ नये. आणि एलईडीच्या लांब पट्टीला एकाच टोकाने वीज दिली तर दुसऱ्या टोकाकडे व्होल्टेज पडून उजेड मंदावतो, म्हणून दोन्ही टोकांना जोडणी द्यावी. माझ्या पुरवठादाराच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नव्हता.

एवढे केल्यावर सरकवतानाच्या तुटी बऱ्याच घटल्या, पण संपल्या नाहीत. मग थ्रेशोल्ड लावण्यापूर्वीच्या, म्हणजे करड्या छटा काढून चित्र निव्वळ काळे-पांढरे करण्यापूर्वीच्या, कच्च्या फ्रेम एकेक करून पाहत बसलो, आणि उत्तर तिथे सापडले. सोंगटी उचलली जाण्याच्या काही फ्रेम आधीपासून तिच्याभोवती एक फिकट करडा डाग पसरतो. तो जवळ येणाऱ्या हाताचा असतो: दुधी पृष्ठभागातून वर गेलेला इन्फ्रारेड प्रकाश तळव्यावरून परततो, आणि हात जितका खाली येतो तितका डाग उजळ व रेखीव होतो. एरवी थ्रेशोल्डमध्ये गाळला जाणारा हा डाग आता मी वेगळा मोजतो. स्थिर सोंगटी हरवली आणि भोवती हात नसेल, तर ती उचलली जाणे शक्यच नाही; आवाज चालू राहतो. स्थिर सोंगटी हात असताना हरवली, तर आवाज तत्काळ थांबतो. वेगात असताना हरवली, तर तिच्या दिशेने पुढची जागा अंदाजून तिथे दिसणाऱ्या त्याच मार्करला जुनाच क्रमांक देतो. सवलत फक्त या तिसऱ्या स्थितीत लागते, आणि त्या वेळी ती कानाला जाणवत नाही. पहिल्यांदा सोंगटी उचलताक्षणी ठोका बंद झाला तेव्हाचे समाधान शब्दांत सांगणे अवघड आहे.

जाता जाता आणखी एक: फिरवण्याच्या कोनावर आता वन यूरो फिल्टर बसवला आहे. कासिए, रूसेल आणि व्होगेल यांनी २०१२ मध्ये मांडलेला हा फिल्टर हालचाल मंद असताना थरथर दाबतो आणि वेग वाढला की स्वतःहून सैल होतो. स्थिर सोंगटीचा सूर आता जराही हलत नाही. चार ओळींच्या गणितात इतके देणारे दुसरे साधन मला माहीत नाही.

पुढचा टप्पा म्हणून प्रोजेक्टरचे संरेखन, म्हणजे टेबलावर पडणारे चित्र सोंगट्यांच्या जागांशी जुळवणे, ठरवले होते. पण हे लिहिता लिहिताच त्या करड्या डागाचा दुसरा उपयोग डोळ्यांपुढे आला. माणूस-संगणक संवादाचे संशोधक बिल बक्सटन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या तीन-स्थितींच्या प्रारूपात माउसला ‘नुसता वर फिरणे’ आणि ‘दाबून ओढणे’ अशा दोन वेगळ्या स्थिती मिळतात, तर साध्या स्पर्शपटलावर स्पर्शापूर्वीची स्थिती सहसा नसतेच. माझ्या टेबलाला ती या डागामुळे आयती मिळते आहे. हात सोंगटीवर आला की तिच्याभोवतीचे वलय उजळावे आणि ती उचलल्यास आवाजाचा कोणता धागा तुटेल हे आधीच दिसावे, असे काहीसे. त्यासाठी डागाची घनता सर्व टेबलावर सारखी मोजता आली पाहिजे, आणि कडेला प्रकाश अजून कमी पडतो. तेव्हा संरेखन मागे ठेवून आधी कोपऱ्यांतील एलईडींची मांडणी बदलतो आहे. दुधी पृष्ठभागाखाली कोणी समान प्रकाश साधला असेल, तर एलईडी टेबलाच्या आतल्या भिंतींकडे वळवून लावले की तळाकडे, हे अवश्य कळवावे.