लाल शाईतलं ‘कशावरून?’

नववीत मराठीच्या सरांनी बालकवींवर निबंध लिहायला सांगितला. धरणगाव आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणून मी जोरात लिहिलं : ‘२८ वर्षांचे असताना निसर्गाच्या तंद्रीत चालताना बालकवींना भादलीजवळ रेल्वेगाडी दिसलीच नाही.’ वही परत आली तेव्हा समासात लाल शाईने दोनदा ‘कशावरून?’

पहिल्याचा निकाल फळ्यावर लागला. जन्म १३ ऑगस्ट १८९०, मृत्यू ५ मे १९१८. सरांनी मलाच वजाबाकी करायला लावली. सत्तावीस पुरी, अठ्ठाविसावं चालू. वर्ग खिदळला. दुसऱ्यासाठी रविवारी जळगावहून सायकल हाणत भादली गाठलं. स्टेशनावरचे एक म्हातारे बाबा म्हणाले, “भो, तंद्रीत होते हे तुले कोनं सांगतलं?” मी गप्प. परतीच्या वाटेवर सायकल पंक्चर झाली, तो वेगळाच प्रताप.

पुढे मराठीचा प्राध्यापक झालो. संध्याकाळी चरित्रं आणि समीक्षा. एष्टीने गावोगाव फिरून लोकांच्या ट्रंका उघडायच्या. वाळवीने पत्रांचा नेमका तारखेचा कोपरा खाल्लेला असायचा. घरचे लोक चहा भरपूर पाजतात, भांडणाची पत्रं मात्र दाखवत नाहीत. एका प्रकाशकाने माझं हस्तलिखित चार वर्षं ठेवून घेतलं आणि शेवटची तीस पानं हरवून परत केलं. असो.

सगळ्यात जास्त दमवलं बहिणाबाईंनी. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणजे पत्र नाही, डायरी नाही. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी उतरून घेतलेली गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली. बहिणाबाई १९५१च्या डिसेंबरातच गेल्या होत्या. चरित्रकाराने धरायचं काय? मी शब्द धरले. उपणणीच्या, म्हणजे वाऱ्यावर धान्यातला भुसा उडवण्याच्या गाण्यात त्या वाऱ्याला मारोतीचा बाप म्हणतात. मी त्यावर ‘प्रतिमासृष्टी’ वगैरे दोन पानं लिहिली होती. मग एका खळ्यावर दुपारभर बसलो. वारा पडलेला, मळणी झालेली ज्वारी तशीच पडून, आणि आभाळात एकदोन काळे ढग. शेतकरीणबाईंचा जीव टांगणीला लागला होता. ती दोन पानं घरी येऊन फाडली. ते गाणं आधी गयावया आहे, प्रतिमा नंतर.

पहिलं पुस्तक छापून आलं तसं सरांना नेऊन दिलं. ते तेव्हा निवृत्त झालेले, मोतीबिंदू उतरलेला. महिन्याने परत गेलो. पुस्तक टेबलावर होतं, आत सात ठिकाणी रिफिलीच्या लाल खुणा. “बस,” म्हणाले, “पान चौदा काढ.”