तुम्ही विचारलंत म्हणून: विहिरीतली पावडर आणि लढाईतला वायू

मी यवतमाळ जिल्ह्यात आरोग्य सेवक होतो. नोकरीत असताना विहिरीवर आणि आता पानठेल्यावर एकच प्रश्न येतो. ‘काहो काकाजी, लढाईत मानसं मारली थोच गॅस तुमी आमच्या विहिरीत टाकता म्हनते?’ मोबाइलवर फिरणारा एखादा व्हिडिओ बहुतेक वेळा त्यामागे असतो.

हो, तोच. क्लोरीन. इथे नाही म्हटलं की पुढचं कोणी ऐकत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने पाच हजारांवर सिलिंडर उघडून सुमारे १६८ टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. रंग पिवळट हिरवा, वास नाकात झोंबणारा. हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. त्यामुळे तो वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत खोलगट जागेत उतरतो. गोळीपासून वाचायला खंदकात दडलेल्या माणसाला तो नेमका तिथेच गाठायचा. नाकाघशातल्या, फुप्फुसातल्या ओलाव्याशी त्याचं आम्ल होतं, आतली कातडी भाजते, फुप्फुसात पाणी साचतं. त्यावर उतारा नाही; ऑक्सिजन द्यायचा आणि छाती सावरायची वाट पाहायची.

चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, त्याच भागात आपली, म्हणजे इंग्रजांच्या हिंदी फौजेतली, लाहोर डिव्हिजन लढाईत उतरली. समोरून वायू आला. जमादार (तेव्हाच्या हिंदी फौजेतला कनिष्ठ अधिकारी) मीर दस्त यांनी अधिकारी पडल्यावर उरलेले जवान गोळा केले, गोळीबारात आठ अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी पोचवलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं. वायूने धरलेल्या छातीचा त्रास मात्र त्या पदकाने गेला नाही.

वायूचा हा हल्ला उभा केला तो फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्यासाठी १९१८ चं नोबेल त्यालाच मिळालं, आणि आपण कपाशीला देतो त्या युरियाची वाट तिथूनच निघते. युरियाचं पोतं उचलताना मला अजून कोणी अडवलेलं नाही.

व्हिडिओवाले एक गोष्ट सांगत नाहीत. त्याच युद्धात इंग्रज फौजेच्या पाण्याच्या गाड्यांत ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपण विहिरीला वापरतो तीच क्लोरीनची पावडर, टाकत. चहाला तिचा वास येतो म्हणून शिपाई कुरकुरायचे, पण पटकी-विषमज्वरापासून ते पाणी सांभाळायचं. पुढे १९१७ मध्ये मस्टर्ड गॅस हे कातडीवर फोड आणणारं दुसरं विष आलं, तेव्हा ते निकामी करायला ते पडलेल्या जमिनीवर हीच पावडर फेकत. मारायला आणि वाचवायला एकच द्रव्य. फरक किती आणि कुठे, एवढाच.

किती, ते ऐका. चांगल्या टीसीएल, म्हणजे याच ब्लीचिंग पावडरीत वापरात येणारा क्लोरीन साधारण एक-तृतीयांश. हजार लिटर पाण्याला अशी अडीच ग्रॅम पावडर धरतात. अर्ध्या-एक तासाने लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला तरी पाणी राखायला पुरे. आमचा जलसुरक्षक पावडर थेट विहिरीत फेकत नाही. बादलीत आधी थोड्या पाण्यात खळ करतो, मग बादली पाऊण भरून ढवळतो आणि चुना खाली बसू देतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडतो आणि वर-खाली, इकडे-तिकडे हिसडतो. तळाचा चुना बाहेरच फेकायचा. पुढे ओटी टेस्टच्या, म्हणजे क्लोरीन तपासायच्या, नळीत पाणी पिवळं दिसलं की काम झालं.

मला धास्ती आहे ती उलट बाजूची. पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या खोलीत पोत्याचं तोंड उघडं राहतं, पावडरीचे खडे होतात, शेजारच्या लोखंडी कपाटाला गंज चढतो. तो गंज दिसला की समजा, पोत्यातला क्लोरीन कपाटाने खाल्ला. मग विहिरीत जातो नुसता चुना, आणि आषाढात हगवणीचे पेशंट वाढतात. विषाच्या भीतीने भांडणारे लोक बिनक्लोरीनचं पाणी पीत असतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. पोतं कोरड्या, सावलीच्या जागी तोंड बांधून ठेवा, एवढं सांगून सांगून माझा घसा बसला.

खरा लढाईतला वायू गावात तयार होऊ शकतो तो संडासात. फरशी निघत नाही म्हणून कोणी आधी ब्लीचिंग पावडर टाकतं आणि वरून बाटलीतलं ॲसिड ओततं. दार लावलेलं, खिडकी वीतभर. दोन्हींची गाठ पडली की क्लोरीन सुटतो. डोळे झोंबले, ठसका लागला, तर पाणी मारत बसू नका, खाली तर बसूच नका. तो खालीच साचतो. दार उघडं टाकून बाहेर या, वारा जिकडून येतो तिकडे, उंचावर जा. नंतर बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा, कारण छातीत पाणी काही तासांनीही भरू शकतं.