आक्कांची दिंडी

निवृत्ती जवळ आली की युनिटमध्ये जो तो एकच विचारतो, "सर, पुढे काय?" आमच्या घरी ते आधीच ठरलं होतं. बायकोने सांगून टाकलं होतं, "पेन्शनचे कागद झाले की येणाऱ्या आषाढीला माउलींबरोबर चालायचं. आळंदीपासून. दोघांनी."

तिचं माहेर फलटण तालुक्यातलं. आजोबांच्या काळापासून त्यांच्या घरातली माणसं एकाच दिंडीत चालत आलेली. लग्नाआधी ती आईचा हात धरून लोणंदला पालखीला मिळायची आणि तिथून पंढरपूर गाठायची. आईच्या डोक्यावर तुळस, हिच्या काखेत दोघींची वळकटी. मग माझ्याशी लग्न झालं. मी मराठा लाइट इन्फंट्रीत. आज जोधपूर, उद्या झाशी, मध्येच पूंछ, पुढे अरुणाचल. आषाढात कधी मुलांच्या शाळेचे प्रवेश, कधी सामान बांधायचं, कधी नुकतंच उतरवलेलं. तिची वारी राहत गेली आणि माझी नोकरी होत गेली.

लोक फौजीच्या नोकरीविषयी बोलतात तेव्हा सीमेविषयी बोलतात. त्या नोकरीचा दुसरा अर्धा भाग घरी असतो. फील्ड पोस्टिंग आलं की कुटुंब बरोबर नेता येत नाही. मग ती दोन मुलांना घेऊन कुठल्यातरी छावणीत, फौजींच्या मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी असलेल्या क्वार्टरमध्ये राहायची. धाकट्याचा ताप, थोरलीची परीक्षा, गळणारा नळ, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं तिने एकटीने निभावलं. मला त्यातलं बरचसं '५६ एपीओ' असा पत्ता घातलेल्या पत्रातून कळायचं, तेही संकट टळून गेल्यावर. आषाढातल्या पत्राची घडी उलगडली की बुक्क्याचा वास यायचा. घरातल्या विठोबाला लावलेला चिमूटभर ती कागदात घालून पाठवायची.

प्रत्येक क्वार्टरमध्ये ती तुळस लावायची आणि बदली झाली की तिथेच जमिनीत ठेवून निघायची. म्हणायची, "नंतर येणारी कुणीतरी पाणी घालेल." देशातल्या किती छावण्यांत तिची तुळस असेल, याचा विचार माझ्या मनात आजही येतो.

दिंडीत नाव घालताना भिशी भरायची, म्हणजे जेवणखाण, ट्रक, राहुट्या यांचा आपला वाटा. व्यवस्थापकांनी वहीत तिचं नाव लिहिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आक्कांचे मालक का?" मी हो म्हटलं. पंढरपूरपर्यंत माझी ओळख तेवढीच राहिली. सगळी हयात तिची ओळख 'कर्नलसाहेबांच्या मिसेस' अशी करून दिली गेली होती. आता तिच्या माणसांत मी तिच्या नावाने ओळखला जात होतो, आणि मला ते फार आवडलं.

पुण्याहून निघाल्यावर पुलगेटपाशी पालखी आली तेव्हा ऊर भरून आला. इथल्याच कॅम्पात नोकरी करताना मी याच फुटपाथवर गणवेशात उभा राहून ही पालखी पाहिली होती. पुढे हडपसर, वडकी नाला आणि मग दिवे घाट. पुणे ते सासवड ही वारीतली सगळ्यात लांब चाल, तीसेक किलोमीटरची, त्यात एकादशीचा उपास. रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि घाटाची वळणं माणसांनी भरून जातात. मी डोंगरात पुष्कळ चाललो आहे, पाठीवर ओझं घेऊन, उंचीवर, थंडीत. दिवे घाटात माझ्यापुढे सत्तरी ओलांडलेली एक बाई डोक्यावर कळशी घेऊन चढत होती आणि चढताना अभंग म्हणत होती. तिचा श्वास एकदाही चरणाच्या मध्ये तुटला नाही.

सासवडला राहुटीत टेकलो आणि सवयीने माझं लक्ष लोकांच्या पायांकडे गेलं. सेकंड लेफ्टनंट असताना पहिल्याच लांब मार्चनंतर आमच्या सुभेदार साहेबांनी शिकवलं होतं, आधी जवानांचे पाय बघायचे, मग स्वतःचे बूट काढायचे. फूट इन्स्पेक्शन. फोड कुठे आला, टाच कुठे सोलवटली, नख कुणाचं काळं पडलं, सगळं बॅटरीच्या उजेडात बघायचं. पलटण पायांवर चालते. मी पिशवीतून कापूस, जंतुनाशक, चिकटपट्टी काढली आणि शेजारच्या माउलींना म्हटलं, "पाय दाखवा." त्यांनी पाय मागे घेतले. "नको माउली, पाय कशाला धरता?" बायका तर जवळही येईनात. मग बायको येऊन शेजारी बसली. "अहो, तुम्ही पुरुषांचं बघा. मी बायकांचं बघते. मला सांगा काय लावायचं ते." त्या रात्रीपासून रोज संध्याकाळी आमच्या राहुटीपुढे दोन रांगा लागायच्या. वारकऱ्यांचा स्वतःचा उपाय वेगळा, फोडातून हळदीचा दोरा ओवायचा आणि तो तसाच ठेवायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, सुई आधी उकळून घेऊ. म्हाताऱ्या माउलींनी ते ऐकलं आणि पुढे रोज चहाच्या पातेल्याआधी सुया उकळू लागल्या.

पहाटे कर्णा वाजतो. पहिल्याला सामान बांधून ट्रकमध्ये, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. आत पुन्हा क्रम, पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, तुळशीवाल्या बाया. हे सगळं बसवलं ते एका लष्करी माणसाने. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराजांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली तेव्हा देहू-आळंदीचा सोहळा एकत्र निघत असे. पुढे एकोणिसाव्या शतकात, 1832 च्या सुमारास, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार असलेले आरफळचे हैबतबाबा आळंदीत येऊन राहिले आणि त्यांनी माउलींचा सोहळा आज दिसतो त्या रूपात उभा केला. आरफळ म्हणजे आमचा सातारा जिल्हा. आरफळच्याच तालुक्यातल्या आपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जवान परत आले नाहीत, आणि त्या गावाला आजही आपशिंगे मिलिटरी म्हणतात. त्या मातीत हे दोन्ही शेजारी शेजारी उगवतं. प्रस्थानाच्या दिवशी आळंदीच्या महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीवर डोकं ठेवताना मी मनात सॅल्यूट केला होता.

पण फौजेतली एक गोष्ट बाबांनी इथे आणली नाही, आणि तिचं मोल मला लोणंदच्या तळावर कळलं. संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या तळावर गोलात उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार चोप वर करतात आणि एकदम शांतता पसरते. मग हरवल्या-सापडल्याचं पुकारतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. त्या दिवशी डावीकडची एक दिंडी वाजवतच राहिली. सगळा तळ गप्प, आणि पंधरा-वीस माणसांचे टाळ चालू. चोपदार चालत त्यांच्यापाशी गेले, म्हणणं ऐकून घेतलं, काही बोलले. टाळ थांबले, मगच पुढचं सुरू झालं. लाखांचा सोहळा एका छोट्या दिंडीसाठी थांबतो आणि त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. मी अनेक वर्षं सैनिक संमेलनात जवानांना विचारत आलो, "कुणाला काही अडचण?" आणि बहुतेक वेळा समोरून "नाही साहेब" एवढंच आलं. लोणंदला त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आल्यापासून बायको वेगळीच झाली होती. पावलापावलाला कुणी मावशी, कुणी मामेबहीण, कुणी शाळेतली मैत्रीण. पिठलं-भाकरीची शिदोरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं तिला नावाने हाक मारत होती. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दिंड्यांच्या मधून धावले, एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नाही, तिथे माउली. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला रिक्रूट शिकवत होतो तेव्हा मी अंकलीला जाऊन आलो होतो. हे अश्व तिथून आळंदीपर्यंत चालत येतात, तेव्हा वारी सुरू होते. टापांखालची माती बायकोने उचलली, आधी माझ्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या.

नातेपुत्याच्या अलीकडे रस्त्यावर एक गृहस्थ दिंड्यांना चहा देत होते. मला पाहून ते ताठ झाले, टाचा जुळल्या. "राम राम साहेब!" आमच्याच पलटणीचे सुभेदार, माझ्या आधी निवृत्त झालेले. काश्मीरमधल्या चौकीवर आषाढीला याच माणसाने जेवणाच्या थाळ्यांचे टाळ करून दिंडी काढली होती आणि रात्रीच्या पहाऱ्यावरचे सोडून सगळे तिच्यात नाचले होते. मी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ते कळवळले, "साहेब, हे काय!" आणि लगेच तेही वाकले. वारीत समोरच्याच्या पाया पडायचंच असतं, पण मला त्यांच्या पाया वारीआधीच, कितीतरी वर्षांपूर्वी, पडायचं होतं. वर्दीत ते करता येत नाही. बायकोने त्यांच्या मालकिणीची, मुलांची, गुडघ्यांची चौकशी केली. पलटणीतल्या कुणाच्या घरी काय चाललंय हे माझ्यापेक्षा तिला नेहमीच जास्त माहीत असायचं.

सदाशिवनगरजवळ गोल रिंगण होतं. पताकावाले धावून झाले आणि तुळशीवाल्या बायांची पाळी आली. बायकोने चष्मा काढून माझ्या हातात दिला, चपला दिल्या, पदर खोचला आणि तिच्या आईचं तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलं. तिची पन्नाशी उलटलेली. मी कडेच्या गर्दीत उभा. बाया धावत सुटल्या, नऊवारी, सहावारी, हिरव्या, लाल, आणि त्यांच्यात ती, एक हात वृंदावनाला, दुसरा मोकळा. दुसऱ्या फेरीला ती माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि ती मोठ्याने "माउली, माउली" म्हणत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला धावताना पाहिलं ते मुलांच्या मागे, बसच्या मागे, हॉस्पिटलच्या जिन्यावर. स्वतःच्या आनंदासाठी धावताना त्या दिवशी प्रथम पाहिलं. परत आली तेव्हा धापा टाकत होती. पाण्याची बाटली घेऊन म्हणाली, "आईची जागा तशीच होती हो. तिसरी रांग, उजवीकडून."

वाखरीला मुलगी आणि नातू येऊन मिळाले. शेवटच्या टप्प्यात नातू माझ्या खांद्यावर. मुलगी लहान असताना तिला असं खांद्यावर घेऊन मी फारसा कुठे गेलो नाही. ती शेजारून चालत होती, आईची पिशवी तिने स्वतःच्या खांद्याला लावली होती.

एकादशीला चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा आणि कळसाचं दर्शन झालं. पायावर डोकं ठेवायची रांग फार लांब गेली होती, आणि आमच्या दिंडीतल्या बहुतेकांनी कळसालाच हात जोडले. रात्री मठात जागर. विण्याच्या पहाऱ्याची यादी करताना व्यवस्थापक मध्यरात्रीनंतरच्या वेळेला अडले. त्या वेळेला उभं राहायला कुणी लवकर तयार होत नाही. बायको म्हणाली, "दोन ते चार ह्यांचं लिहा. त्यांची ती वेळ ठरलेली आहे."

दोन वाजता आधीच्या माउलींनी माझ्या गळ्यात वीणा घातली, आम्ही एकमेकांच्या पाया पडलो, आणि मी उभा राहिलो. समोर तीन-चार जण टाळ घेऊन, बाकी मठ दमून झोपलेला. ती भिंतीला टेकून जागी होती. साडेतीनला तिने उठून खिचडीच्या मोठ्या पातेल्यावरचं झाकण नीट केलं आणि बारस सोडायच्या स्वयंपाकाला कोण कोण लागेल ते मावशींना उठवून विचारू लागली. चार वाजता वीणा पुढच्याच्या गळ्यात दिली तेव्हा तिने मला हाक मारली, "अहो, पुरणाची डाळ निवडायला बसा. माणसं कमी आहेत."