तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे नाहीत, नाव नाही, मग बँड कशाला?

"यातून पैसे मिळत नाहीत, नाव होत नाही, मग इतकी वर्षं कशाला वाजवता?" ऑफिसातले सहकारी विचारतात, नातेवाईक विचारतात, कार्यक्रम संपल्यावर मी केबल गुंडाळत असताना एखादा श्रोताही विचारून जातो. उभ्या उभ्या मी "आवडतं म्हणून" एवढंच सांगते. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. कित्येक शनिवारी मी चिडून, कान वाजत असताना घरी आले आहे आणि आता बास, सोडून द्यायचं, असं ठरवून झोपले आहे. पुढच्या शनिवारी परत गेलेच. तेव्हा एकदा नीट सांगते.

मी बेस गिटार वाजवते, म्हणजे खर्जाचे सूर देणारी गिटार. आमच्या रॉक बँडला बारा वर्षं झाली. आम्ही पाच जण आहोत: ड्रमर, गिटारिस्ट, कीबोर्ड वाजवणारी, गायक आणि मी. पाचही जणांचं पोट दुसऱ्याच कामावर चालतं. बेस घरी एकटीने वाजवता येतो, मी रोज वाजवतेही, पण ते पाया खणून ठेवल्यासारखं असतं. वर घर उभं राहायला बाकीचे लागतात. मला चार माणसं लागतात. आनंद तिथून येतो आणि डोकेदुखीही तिथूनच.

डोकेदुखी आधी सांगते. सगळ्यात मोठी म्हणजे आवाजाची चढाओढ. सरावाची खोली लहान असते. ड्रमला आवाज कमी करायचं बटण नसतं, त्यामुळे खोलीचा आवाज ड्रमर ठरवतो आणि बाकीचे त्याच्या वर चढू बघतात. गिटारिस्टला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, वाढवतो. मग मी वाढवते. आपण दबलो असं वाटून ड्रमर स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, आणखी जोर काढतो. गायकाच्या गळ्याला मर्यादा असते. त्याचा माइक वाढवला की स्पीकरमधून निघालेला आवाज परत माइकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि कान फाडणारी शिट्टी सुरू होते. अर्ध्या तासात सगळे आपापलं वाजवत असतात आणि कोणी कोणाला ऐकत नसतं.

आमच्याकडे हे जवळजवळ तीन वर्षं चाललं. त्यावरून भांडणं झाली, एकदा सराव अर्धा टाकून दोघं निघून गेले. गिटारिस्ट हट्टी आहे असं मी धरूनच चालले होते. मग एका शनिवारी गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलची बॅटरी बदलायला मी त्याच्या अँपसमोर जमिनीवर बसले, आणि त्याची गिटार सुरीसारखी कानात घुसली. उभी राहिले तर तोच आवाज बोथट, लांबून आल्यासारखा. अँप जमिनीवर होता आणि स्पीकरचं तोंड त्याच्या पोटऱ्यांकडे होतं. गिटारचा वरचा, धारदार भाग स्पीकरमधून टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. तो झोत समोर बसलेल्या कीबोर्डवालीच्या कानात जात होता, आणि अँपला खेटून उभ्या असलेल्या त्याच्या मालकाच्या डोक्यापर्यंत पोचतच नव्हता. आम्ही अँप उचलून खुर्चीवर ठेवला, जरा मागे कलता. त्याने पहिला कॉर्ड वाजवला, दचकला, आणि कोणी न सांगता आवाज खूपच खाली आणला. तीन वर्षं मी त्या माणसाला हट्टी समजत होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, विशेषतः ज्यांची मुलं नुकती बँडमध्ये वाजवायला लागली आहेत त्यांना. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास थांबणं ही मर्यादा आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रम वाजत असताना १०० डेसिबल सहज होतात, आणि आमचा सराव तीन तासांचा असतो. फोमचे साधे बोळे घातले तर वरचे सूर जास्त कापले जातात आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं, म्हणून मुलं ते काढून फेकतात. वादकांसाठीचे वेगळे इअरप्लग मिळतात, ते आवाज सगळीकडून साधारण सारखा कमी करतात. मी ते फार उशिरा वापरायला लागले. शांत खोलीत माझ्या डाव्या कानात एक बारीक सूर चालू असतो, तो आता जाणार नाही.

माझ्या वाद्याची अडचण आणखी निराळी. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. या सुराची एक लहर आठ मीटरपेक्षा लांब असते, आमच्या खोलीपेक्षा लांब. त्यामुळे खर्जातले काही सूर कोपऱ्यांत साचतात आणि काही ठिकाणी नाहीसेच होतात. भिंतीला टेकून वाजवलं तर खोली घुमते, दोन पावलं पुढे आले की तोच सूर कुठे गेला कळत नाही. फोनवर रेकॉर्डिंग करून मित्रांना ऐकवलं तर त्या इवल्याशा स्पीकरमधून हे सूर बाहेर येऊच शकत नाहीत. म्हणूनच मला दुसरा एक प्रश्न नेहमी विचारतात: "तुम्ही नक्की काय वाजवता? वेगळं काही ऐकू येत नाही." खरं तर हे वाद्य ऐकू यावं म्हणूनच घडलं. माणसाएवढा उभा डबल बेस मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये बुडून जायचा. लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला: गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, विजेवर चालणारा, आणि सूर बिनचूक लागावा म्हणून पट्टीवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या तारा, ठोकलेला. रॉक पुढे त्याच्यावर उभं राहिलं.

आता आनंद. तो बहुतेक वेळा ड्रमरच्या उजव्या गुडघ्यात असतो. ड्रमरच्या हातांकडे सगळे बघतात, मी त्याच्या गुडघ्याकडे बघते. किक ड्रमचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, पेडल दाबण्याआधी गुडघा किंचित वर येतो. तो वर आला की माझं बोट तारेवर टेकतं, खाली गेला की सूर निघतो. पायाचा ठोका आणि माझा सूर यांच्यात सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकं अंतर पडलं तरी दोन वेगळे आवाज येतात, "ठप" आणि मग "डुम". ते अंतर मिटलं की तिसराच एक आवाज जन्माला येतो, जो त्याचाही नसतो आणि माझाही नसतो. तो छातीत लागतो. गायकाला कळतं, त्याचे खांदे खाली येतात. गिटारिस्ट सूर कमी करतो, कारण आता त्याला भरायला जागाच उरलेली नसते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आमच्या सरावाला सात महिने झाले होते, आणि जेमतेम आठ मात्रा टिकलं. आम्ही थांबलो, एकमेकांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. पुन्हा तिथूनच सुरू केलं, पण त्या दिवशी ते परत आलं नाही. आता एका संध्याकाळी दोन-तीन गाण्यांत ते येतं. कधी येणार हे अजून सांगता येत नाही.

बाकीचा जाच थोडक्यात. पाच जणांची एक संध्याकाळ जुळवणं हे कुठल्याही सोलोपेक्षा कठीण आहे. ड्रमर रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करतो आणि त्याचं वेळापत्रक लागलं की आमचं ठरतं. कोणीतरी आपला भाग न बसवता येतो आणि चौघांचे तीन तास त्याला शिकवण्यात जातात. सामान उचलावं लागतं, कितीही वर्षं झाली तरी. आणि माणसं जातात. आमचा पहिला कीबोर्डवाला नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, भांडण नाही, काही नाही. नंतर आलेली त्याच्यापेक्षा कितीतरी तयारीची आहे, तरी चार महिने प्रत्येक गाण्यात तो जिथे थांबायचा तिथे आम्ही सगळे थांबत होतो. १९७६ साली डब्लिनमधल्या एका शाळेच्या सूचनाफलकावर लॅरी म्युलन या चौदा वर्षांच्या ड्रमरने वादक हवेत अशी चिठ्ठी लावली, त्यातून 'यूटू' हा रॉक बँड उभा राहिला हे पुष्कळांना माहीत असतं. मला त्या प्रसिद्धीपेक्षा तेच चौघं पुढे दशकानुदशकं एकत्र राहिले याचं जास्त अप्रूप वाटतं. ते किती अवघड आहे हे वाजवणाऱ्याला कळतं.

"बेस ऐकू येत नाही" याचं उत्तर मला एका कार्यक्रमात मिळालं. चौथ्या गाण्याच्या मध्यावर माझी केबल गेली. प्लगच्या आतला टाका सुटला असणार. एक खर्र झाली आणि मी वाजवतेय ते कुठेच नाही. गाण्याच्या खालची जमीन काढून घेतल्यासारखं झालं, पुढच्या रांगेतल्या माणसांनी मान वर केली. मी वाकून सुटी केबल शोधायला लागले. तेवढ्यात ड्रमरचा डावा हात हाय-हॅटच्या झांजांवरून निघाला आणि जमिनीवरच्या मोठ्या टॉम ड्रमवर गेला, पोकळी भरायला. दोन मात्रांनंतर कीबोर्डवर माझीच ओळ सुरू झाली, तिच्या डाव्या हाताने, खालच्या सप्तकात. तिने ती कधी बसवली नव्हती. चार महिने ती माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती, एवढंच. गायकाने कडवं सुरूच ठेवलं. मी केबल बदलली, मान वर केली, ड्रमरचा गुडघा पाहिला आणि आत शिरले. मी आत आले त्याच समेवर तिचा डावा हात उचलला गेला. सगळं मिळून चाळीस सेकंद असतील. कोणी कोणाला खूण केली नव्हती. ज्यांनी मला विचारलंय, त्यांना मी ते चाळीस सेकंद दाखवू शकले असते तर हे सगळं लिहावं लागलं नसतं.

सध्या आमच्या एका स्वतःच्या गाण्यावर काम चाललंय. ते मिनिटाला ११२ ठोक्यांनी सुरू होतं आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ११८ वर पोचतं. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र, लावून पाहिलं. लय जागेवर राहिली पण गाणं मेलं. ड्रमर म्हणतो, गायक शेवटच्या कडव्याआधी श्वास लवकर घेतो म्हणून मी पळतो. गायक म्हणतो, त्या कडव्याआधीच्या ओळीत बेस पुढे ढकलतो, मला थांबायला जागाच राहत नाही. मी हे मान्य करत नव्हते. काल रात्री इअरफोन लावून तेवढीच जागा पंधरा-वीस वेळा ऐकली. त्या ओळीत मी भरलेले दोन सूर आहेत, मला फार आवडणारे, आणि त्याचा श्वास बरोबर त्यांच्यावर येऊन पडतो. शनिवारी ते दोन सूर काढून वाजवून बघणार आहे.