पोर मी इस्त्रीला

कॉलनीच्या फाटकाशी, वॉचमनच्या खोलीला चिकटून इस्त्रीची टपरी आहे. शनिवारी दुपारी बोचकं घेऊन गेले तेव्हा भाऊ कोळशाच्या इस्त्रीचं झाकण उघडून निखारे फुंकत होते. राख कपड्यांवर उडू नये म्हणून मान वळवून फुंकायचं, मग इस्त्री झोका दिल्यासारखी दोनदा हलवायची, मग ओल्या फडक्यावर टेकवायची. चर्र झालं आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “ओ ओ, पोर मी इस्त्रीला...”

भाऊंनी वर पाहिलं. मी बोचक्याची गाठ सोडण्यात गुंतल्यासारखं केलं.

हे गाणं आहे. म्हणजे असं नाही, पण आहे. माझा मामा बोटीवर होता. वर्षा-दीड वर्षाने चिपळूणला यायचा तेव्हा बॅगेतून साबणाच्या वड्या, सेंट, चॉकलेटं आणि कॅसेटी निघायच्या. साबण आजी पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांमध्ये ठेवायची, ते कुणी कधी वापरल्याचं मला आठवत नाही. कॅसेटी मात्र माझ्या. त्यातल्या एकीवर कुणीतरी उंच, पातळ आवाजात गात होता आणि दर थोड्या वेळाने कळवळून सांगत होता, पोर मी इस्त्रीला. मला इंग्रजी पाचवीपुरतं यायचं. मधेच ‘शर्ट’ असा शब्द आला, लगोलग ‘ट्राउझर’ आला. संशयाला जागाच उरली नाही. कुण्या पोराला लहानपणीच इस्त्रीच्या कामाला जुंपलंय आणि ते त्याचं रडगाणं गातंय.

आजीने विचारलं, “काय म्हणतोय रे तो?” मामाला एक अक्षर कळत नव्हतं, पण बोटीवरचा माणूस तसं कबूल कसं करणार? “अगं आई, भजन आहे त्यांचं,” त्याने ठोकून दिलं. भजन म्हटल्यावर आजी ताठ बसली आणि टाळी धरू लागली. तिची टाळी बरोब्बर समेवर, आणि गिटारचा ठोका दर वेळी दोन टाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिने एकदोनदा टाळी दुरुस्त करून पाहिली, मग म्हणाली, “ह्यांचा तबलजी चुकतोय.” हे रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, आणि त्याबद्दल याहून नेमकं काही मी अजून वाचलेलं नाही.

चुकीचं ऐकण्याला आमच्या घरात तशी प्रतिष्ठाच होती. आजी आयुष्यभर ‘संकष्टी पावावे’ म्हणाली. कुणी सुधारायला गेलं तर म्हणायची, चतुर्थीलाच पावतो तो, इतर दिवशी त्याला वेळ कुठे आहे? फळीवर वंदना तर घरोघरी आहे, त्याचं काय सांगायचं. मला स्वतःला ‘चरणी घागरिया’चं फार कोडं पडायचं. बाप्पाच्या पायाशी घागरी कशाला? घागरी लागल्या तर आमच्या नळाशी लागतील. आणि मंत्रपुष्पांजलीत तर सगळा मांडव पुटपुटत पुटपुटत पुढे सरकतो आणि शेवटच्या ‘सभासद इति’ला एकदम छाती फुगवून गरजतो. तेवढंच पाठ असतं.

कॅसेट कधीच चिवडली गेली. पेन्सिल घालून बरीच वर्षं जगवली, मग एका पावसाळ्यात बुरशी आली. गाणं मात्र डोक्यात राहिलं, आणि ते खरं काय होतं हे कळायला चाळिशी उजाडली. गाणाऱ्याचं नाव डेस्मंड डेकर. गाण्याचं नाव ‘इझ्रेलाइट्स’. ‘पुअर मी, इझ्रेलाइट’ असं तो म्हणतोय. मी काही अगदीच बहिरी नव्हते. एप्रिल १९६९ मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत नवव्या, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्या ब्रिटिशांनाही ते कळलं नव्हतं! जमैकन बोलीतले ते शब्द त्यांनी ‘माझ्या कानांना आग लागलीय’ असे ऐकले होते. पुढे मॅक्सेल या कॅसेट कंपनीने त्यावर जाहिरातच केली. गाणं वाजतंय आणि एक माणूस पाट्यांवर ते चुकीचे शब्द लिहून एकेक दाखवतोय. हे वाचून मला जो आनंद झाला तो दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मग मी या माणसाच्या मागेच लागले. जन्म १९४१, जमैकातल्या किंग्स्टनचा. खरं आडनाव डॅक्रेस. आई लहानपणीच गेली. आणि आता ऐका, पोरगेल्या वयात त्याला कामाला लावलं ते शिंप्याकडे. शिंप्याकडे! म्हणजे इस्त्री त्याच्या हातात आलीच असणार. माझं ऐकणं चुकलं असेल, पण गेलं होतं बरोब्बर त्याच्याच घरी.

नंतर किंग्स्टनला परत येऊन तो वेल्डर झाला. काम करताना गायचा, सोबतचे म्हणायचे, अरे रेकॉर्ड काढ. १९६१ साली तो कॉक्सन डॉडकडे गेला, ड्यूक रीडकडे गेला. तिथल्या संगीतात यांचा शब्द शेवटचा. दोघांनी परत पाठवलं. मग लेस्ली काँगकडे गेला. जमैकात पिढ्या काढलेल्या चिनी कुटुंबातला हा माणूस. भावंडांचं ‘बेव्हर्लीज’ नावाचं दुकान होतं, तिथे आइस्क्रीमही मिळायचं आणि रेकॉर्डही. आइस्क्रीमच्या दुकानात संगीताचा इतिहास घडतो हे मला फार आवडलं. आमच्याकडे फार तर रसवंतीगृहात रेडिओ लागतो. काँगने त्याला घेतलं, पण गाणं रेकॉर्ड करायला दोन वर्षं थांबवलं. दरम्यान वेल्डिंग चालूच. याच कामावर आणखी एक किडकिडीत पोरगा होता, त्यालाही गाण्याची खुमखुमी. डेस्मंडने त्याला सांगितलं, तू पण काँगकडे जाऊन ये. तो गेला आणि १९६२ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड निघाली. डेस्मंडची निघाली १९६३ला. त्या पोराचं नाव बॉब मार्ली.

मार्लीचे टी-शर्ट आमच्या फाटकासमोरच्या कॉलेजातली मुलंही घालतात. डेकरचा टी-शर्ट मी अजून पाहिलेला नाही.

पण मला सांगायचं होतं ते गाणं कसं झालं त्याबद्दल. डेकरनेच नंतर सांगितलंय. तो बागेतून मका खात चालला होता. एक जोडपं पैशांवरून भांडत होतं. ती म्हणत होती पैसे हवेत, तो म्हणत होता करतो त्या कामातून भागत नाही. तेवढं ऐकून हा गुणगुणायला लागला आणि घरी पोचेपर्यंत गाणं पुरं झालं. सकाळी उठायचं, प्रत्येक तोंडात घास पडावा म्हणून राबायचं, तरी बायकोमुलं बांधाबांध करून निघून जातात, शर्ट फाटलाय, पँटही गेली. आणि इझ्रेलाइट अशासाठी की तिकडचे रास्ताफारी पंथाचे लोक स्वतःला बायबलमधल्या त्या देशोधडीला लागलेल्या लोकांपैकी समजतात. म्हणजे मामाने मारलेली थापही अर्धीअधिक खरी निघाली. थापा मारणाऱ्यांचं नशीब असंच असतं.

हे सगळं त्याने नाचायच्या चालीत बसवलं. अख्खं ब्रिटन नाचलं. १९७१ साली काँग गेला आणि डेकरची घडी विस्कटली. तो इंग्लंडातच राहिला, गात राहिला, मधे पुन्हा थोडी लाट आली. १९८४ला त्याचं दिवाळं जाहीर झालं. २००६च्या मे महिन्यात दक्षिण लंडनच्या थॉर्नटन हीथमधल्या घरी हृदयविकाराने गेला. चौसष्ट वर्षांचा होता. मामाही साधारण त्याच सुमारास गेला.

तर भाऊंनी माझं बोचकं मोजायला घेतलं. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या. डबा ठेवता ठेवताच सुरू झाल्या, “शाळेतून दोनदा निरोप आलाय. सोमवारी मी काय सांगू?”

“सांग, देतो म्हणून.”

“कशातून देता?”

“मग काय करू? हाच हात आहे, हीच इस्त्री आहे. कोळसा कुठे गेलाय बघतेस ना?” भाऊ हळू आवाजात म्हणाले आणि माझ्या नवऱ्याच्या शर्टाची कॉलर उगाचच दोनदा सरळ केली.

मी वॉचमनच्या खोलीवरचा भाडेकरू पडताळणीचा बोर्ड वाचायला लागले. पूर्ण वाचला.

“चौदा झाले ताई,” भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले. “एक तारखेपासनं दहा रुपये केलेत बरं का, कपड्यामागे.”

गेल्या महिन्यापर्यंत आठ होते. इथे मी काय म्हटलं असेल असं तुम्हाला वाटतं? मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. तासभर आधीच मी स्वयंपाकघरात ते गाणं लावून भांडी आवरली होती.

“दहा फार होतात हो भाऊ,” मी म्हटलं. “नऊ करा.”

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी डब्याकडे पाहिलं. “द्या,” ते म्हणाले.

मी फोन काढून कोडवर धरला. फडताळावरची ती छोटी पेटी खणखणीत मराठीत, पार रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली, “एकशे सव्वीस रुपये प्राप्त झाले.”