मारुती ओम्नी अपडेट: एका दातापायी अडीच महिने

सापडलं एकदाचं! यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गियरलाही व्हॅन दम टाकते आणि कासला निघालेली पब्लिक मागून हॉर्न मारून जीव खाते असं मागं लिहिलेलं ना, ते कार्बोरेटरचं नव्हतंच. अडीच महिने मी नुसता कार्बोरेटर धूत बसलो, तीनदा उघडला, जेट फुंकले, प्लग बदलले, कॉइल बदलली, प्लगच्या वायरींचा १-३-२ क्रम दहादा तपासला, शेवटी आण्णा म्हणाले आता एक नारळपण फोडून बघ.

मग व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतं ते मोजणारा) मागवला, स्वस्तातला, डबा बघून वाटलं खेळणंच आलं, पण पठ्ठ्यानं काम केलं. मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा जाते त्या वाटेच्या) नळीला टी-जोड लावून जोडला तर आयडलला काटा १३ इंचांवर, आणि एकदम गप्प. आधी म्हटलं साताऱ्याची उंची असेल, पण दर हजार फुटाला इंचभर धरलं तरी मुंबईचे १८-२० आपल्याकडं १६-१७ भरायला पाहिजेत, १३ कसे? व्हॉल्व्ह जळाला असता तर काटा फडफडला असता. हवेच्या लीकसाठी कार्बोरेटरच्या बुडाशी क्लीनर फवारला, आवाजात काडीचा फरक नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं तर तिन्ही सिलिंडर सारखे, पण तिन्ही थोडे थोडे कमी. तिन्ही एकदम मोजून-मापून झिजतात होय? तिथं ट्यूब पेटली.

मागं मिस्त्रीकडं हेड गॅस्केटच्या कामात टायमिंग बेल्ट निघालेला ना, क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जुळवून फिरवणारा दातेरी पट्टा! सीट उचलली, कव्हर काढलं, निम्मे बोल्ट गायब, एक भलत्याच मापाचा रेटून बसवलेला, बेल्ट जुनाच (बिलात नवीन आहे बरं का). क्रँकची खूण जुळवली तर कॅमची खूण एक दात मागं. एक दात!

आणि मिस्त्रीला हे कळलं असणार असा मला दाट संशय आहे, कारण डिस्ट्रिब्युटर (प्लगना स्पार्क वाटणारा) कॅमवरच फिरतो, म्हणजे स्पार्कपण तेवढाच उशिरा, मग पठ्ठ्यानं डिस्ट्रिब्युटर पिळून कानानं आवाज जुळवला आणि गाडी हातात दिली. हे मला नंतर समजलं, कारण नवीन बेल्ट खुणेवर बसवून चालू केली तर काटा १६ वर, मी खूश, आणि बोगद्याच्या चढाला इंजिनात खडाखडा नॉकिंग. आता स्पार्क फार लवकर! कोरेगावच्या मित्राची टायमिंग लाईट (स्पार्कची वेळ दाखवणारा दिवा) आणून नीट लावलं. काल संध्याकाळी यवतेश्वर, वळणं सोडली तर तिसऱ्यात. वर जाऊन दोन चहा प्यायलो, एक माझा एक गाडीच्या नावानं.

नवा कार्बोरेटर मागवणार होतो तो रद्द, पैसे वाचले. रविवारी पत्र्याचं काम धरायचं ठरलेलं, पण हे टाईप करता करता डोक्यात आलं की गॅस्केटच्या वेळी हेड फेस करून (लेथवर घासून सपाट करून) आणलेलं, हेड खाली बसलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं आणि कॅम किंचित मागं राहतो, म्हणून तर १६ वर अडकलं नसेल? पत्रा राहू दे मग, आधी लेथवाल्याला गाठतो, किती काढलं विचारतो. ओम्नीच्या हेडला किती फेस चालतो, कुणी मोजलंय का?